मुखपृष्ठाचे थर आणि त्यांचे परवाने

कॅनव्हावर केलेलं मुखपृष्ठ विकायच्या पुस्तकाला चालतं का? स्वतःचं पुस्तक स्वतः काढणारे लेखक, छोटे प्रकाशक, दिवाळी अंकाची जुळवाजुळव करणारी मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर ‘हो, चालतं’ असंच आहे. मात्र तेवढ्यावर विसंबून फाइल छापखान्यात धाडू नये. अख्ख्या मुखपृष्ठाला मिळून एक परवाना नसतोच. कॅनव्हा, अडोबी एक्स्प्रेस किंवा तसलं कुठलंही ऑनलाइन साधन तुम्हाला काम करायला जागा आणि अवजारं देतं. त्या जागेवर तुम्ही जे जे आणून मांडता, म्हणजे फोटो, रेखाचित्र, अक्षरं, मागचा कागदाचा पोत, त्यातल्या प्रत्येकाचा मालक वेगळा आणि त्याच्या अटीही वेगळ्या. त्यातला एक थर जरी विनापरवाना असला, तरी सगळं मुखपृष्ठ अडचणीत येतं.

म्हणून एक मुखपृष्ठ समोर ठेवू आणि त्याचे थर एकेक करून उचलू. समजा, कोकणातल्या कथांचा संग्रह आहे. पुढे पावसात भिजलेल्या कौलारू घराचा फोटो, पडवीत बसलेली एक बाई, कोपऱ्यात कंदिलाचं रेखाचित्र, वर ठसठशीत अक्षरांत पुस्तकाचं नाव. मलपृष्ठावर लेखिकेचा फोटो, ब्लर्ब, प्रकाशनाचं बोधचिन्ह. पाचशे प्रतींची पहिली आवृत्ती आणि जोडीला किंडलवर ई-बुक.

आधी साधनाच्या स्वतःच्या अटी पाहू. कॅनव्हा ही ऑस्ट्रेलियातली कंपनी, २०१३ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. तिच्याकडच्या मालाचे ढोबळ दोन भाग आहेत, फुकट आणि प्रो. प्रोच्या वस्तूवर छोटासा मुकुट दिसतो; वर्गणी न भरलेल्या खात्यात ती घेतली की चित्रावर वॉटरमार्क उमटतो. व्यावसायिक वापराला, पुस्तकाच्या मुखपृष्ठालाही, दोन्ही प्रकारचा माल चालतो. मुख्य अट अशी की तो माल तुमच्या मांडणीचा भाग होऊन गेला पाहिजे. कंदिलाचं चित्र सुटं काढून ते तसंच्या तसं विकायचं किंवा फाइल म्हणून वाटायचं, हे बसत नाही. प्रोचा परवाना एका डिझाइनपुरता असतो. तोच कंदील पुढच्या पुस्तकावर वापरायचा तर परवाना पुन्हा लागतो. वर्गणी चालू असेल तर तो आपोआप मिळतो, त्यामुळे कुणाच्या ते लक्षातही येत नाही. वर्गणी चालू असताना पूर्ण करून उतरवून घेतलेलं मुखपृष्ठ वर्गणी संपली म्हणून बेकायदा ठरत नाही. पण ती जुनी फाइल उघडून तिच्यातल्या प्रो चित्रावर नवं मुखपृष्ठ रचायला घेतलंत, तर हिशेब नव्याने सुरू होतो. तेव्हा छपाईची पीडीएफ वर्गणीच्या मुदतीतच उतरवून ठेवावी. छापखान्याला हवी असलेली सीएमवायके पीडीएफ तशीही प्रो खात्यातूनच निघते.

शाळा-महाविद्यालयांना कॅनव्हा जे शैक्षणिक खातं देतं, त्यावरून विकाऊ पुस्तकाचं मुखपृष्ठ करू नये. त्या खात्यातला माल शिकवण्या-शिकण्यासाठी दिलेला असतो. शिक्षक असलेल्या लेखकांकडून हे सहज होऊन जातं, कारण खातं समोर उघडंच असतं.

कुठली वस्तू कुठल्या परवान्याची आहे, हे साधनातच कळतं. वस्तू निवडायची, तिच्या माहितीचं चिन्ह दाबायचं. ती कुणाची आहे आणि फुकट की प्रो, हे समोर येतं. आपल्या मुखपृष्ठावर अशा पाच-सहा वस्तू आहेत. प्रत्येकीची माहिती एका कागदावर उतरवायला फार वेळ लागत नाही. ते कुणी करत नाही, एवढंच.

खरी गोम ‘अपलोड’च्या रकान्यात असते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो, गूगलवर सापडलेलं चित्र, जुन्या मासिकाचं स्कॅन केलेलं पान, हे सगळं तुम्ही स्वतः वर चढवलेलं असतं. त्याची जबाबदारी साधन घेत नाही. तसं त्याच्या अटींत स्पष्ट लिहिलेलं असतं. ‘कॅनव्हावर केलंय, म्हणजे चालतं’ हे वाक्य अशा वस्तूंना लागू नाही. गूगलच्या चित्रशोधात वापराच्या हक्कांची चाळणी लावता येते, पण तिच्यातून फक्त माग लागतो. परवाना ज्या पानावर मूळ चित्र आहे, तिथेच जाऊन वाचायचा.

आता पावसातलं घर. फुकट फोटोंची तीन मोठी ठिकाणं आहेत: अनस्प्लॅश, पेक्सेल्स आणि पिक्साबे. यातली शेवटची दोन कॅनव्हाने २०१९ मध्ये विकत घेतली, त्यामुळे कॅनव्हामधले बरेच फुकट फोटो तिथलेच असतात. तिन्हींचे परवाने ऐसपैस आहेत. व्यावसायिक वापर चालतो, पैसे नाहीत, नाव देण्याची सक्ती नाही. फोटोत काहीच भर न घालता तो तसाच छापून विकायला मात्र मनाई आहे. आपण त्यावर पुस्तकाचं नाव घालतो, रंग बदलतो, मांडणी करतो. तेव्हा घराच्या बाबतीत प्रश्न मिटतो.

पण पडवीत बाई बसली आहे. फोटोग्राफरने दिलेला परवाना त्याच्या फोटोपुरता असतो. त्यातल्या माणसाची संमती ही निराळी बाब, आणि फुकट संकेतस्थळं ती मिळाल्याची हमी देत नाहीत. याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण २००७ चं आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका किशोरवयीन मुलीचा फोटो तिच्या ओळखीच्या माणसाने काढला आणि फ्लिकरवर टाकला. परवाना निवडला तो व्यावसायिक वापरालाही मोकळीक देणारा. व्हर्जिन मोबाइलच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीने तो उचलून बसथांब्यांवरच्या जाहिरातीत लावला. मुलीला ना विचारलं, ना कळवलं. तिच्या घरच्यांनी टेक्सासमध्ये दावा लावला. ऑस्ट्रेलियन कंपनीवर आपला अधिकार चालत नाही, या कारणाने तिथल्या न्यायालयाने तो पुढे चालवला नाही, त्यामुळे मूळ मुद्द्याचा निकाल लागलाच नाही. तरी कंपनीची शोभा व्हायची ती झाली. फोटोचा परवाना अगदी रीतसर होता, हे यात लक्षात घेण्याजोगं.

पुस्तकात हा धोका जाहिरातीहून वाढतो, कारण गोष्टीचा मजकूर चेहऱ्याला चिकटतो. कथासंग्रहात व्यसन, व्यभिचार, वेडेपण यांतलं काही असेल आणि मुखपृष्ठावर ओळखू येणारा चेहरा असेल, तर वाचक तो त्या पात्राचाच धरतो. माणसाची बदनामी होईल किंवा तो नाजूक विषयाशी जोडला जाईल असा वापर नको, ही अट फुकट आणि विकतच्या, दोन्ही प्रकारच्या संकेतस्थळांवर सापडते. बाई पाठमोरी असेल, सावलीत असेल, ओळखू येत नसेल, तर काळजी उरत नाही. चेहरा हवाच असेल तर मॉडेलची लेखी संमती नोंदवणाऱ्या संस्थेकडून फोटो विकत घ्यावा. तिथेही फोटोखाली ‘केवळ संपादकीय वापरासाठी’ असं लिहिलेलं असेल तर तो सोडून द्यावा. तो बातमीसाठी असतो, कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी नाही.

विकतच्या फोटोंच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा असते. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक अशा मोठ्या संस्थांकडे ती ५ लाख प्रतींची आहे. मराठी प्रकाशकाने या आकड्याची चिंता करावी असे दिवस अजून आलेले नाहीत. पण त्याच मुखपृष्ठाचे मग, टी-शर्ट, कॅलेंडर काढून विकायचे म्हटलं की साधा परवाना पुरत नाही. तिथे चित्र हाच विक्रीचा माल होतो आणि वरच्या दर्जाचा, महाग परवाना घ्यावा लागतो.

कंदिलाचं रेखाचित्र समजा फ्रीपिकसारख्या ठिकाणाहून फुकट घेतलं. तिथल्या फुकट मालाला श्रेय देणं बंधनकारक असतं. वर्गणीदारांना त्यातून सूट मिळते. पुस्तकात श्रेय द्यायची जागा आपल्याकडे आधीपासूनच आहे. मुद्रक, अक्षरजुळणी, ‘मुखपृष्ठ’ असे उल्लेख ज्या पानावर येतात, त्याच पानावर एक ओळ वाढवायची. ई-बुकमध्येही ते पान ठेवायचं. मुखपृष्ठ फेसबुकवर टाकताना ही ओळ गळते, तेवढं जपावं.

विकिमीडिया कॉमन्स, फ्लिकर अशा ठिकाणांहून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं काही घेतलं तर त्या परवान्याच्या अटी लागतात आणि तिथे एकेका शब्दाने फरक पडतो. नुसतं श्रेय मागणारा परवाना असेल तर निर्धास्त वापरा. ‘अव्यावसायिक’ ही अट असेल तर विकायच्या पुस्तकावर ते चित्र नको, पुस्तक तोट्यात गेलं तरी. ‘बदल नको’ असं असेल तर कापणं, रंग बदलणं, वर अक्षरं घालणं, सगळंच अडतं. मुखपृष्ठाला ते जवळजवळ निरुपयोगी. आणि ‘त्याच अटींवर पुढे द्या’ असा परवाना असेल, तर त्या चित्रात फेरफार करून केलेलं तुमचं मुखपृष्ठही तुम्हाला त्याच अटींवर खुलं करावं लागतं. आतल्या कथांना ते लागू होत नाही, पण मुखपृष्ठ कुणीही उचलू शकतं. प्रकाशकाला हे आधी सांगितलेलं बरं.

काहींना फोटो नको असतो. जुनं, आपल्या मातीतलं चित्र हवं असतं, आणि फसगत होते ती इथेच. जुनं म्हणजे मुक्त, असा समज पक्का आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतात. ही वर्षं मोजायची ती निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले. त्यांची चित्रं केव्हाच मुक्त झाली. महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ मध्ये गेले. २००४ च्या अखेरीस त्यांचीही मुदत संपली. धुरंधरांच्या चित्रांतल्या नऊवारीतल्या बाया, बाजार, घाट आज कुणीही मुखपृष्ठावर घेऊ शकतो. पण दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले. त्यांच्या चित्रांवरचे हक्क २०३१ संपेपर्यंत आहेत. रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ अखेर. जुन्या दिवाळी अंकाचं पिवळं पडलेलं मुखपृष्ठ स्कॅन करून, त्यावरची तारीख पुसून ते नव्या पुस्तकावर लावण्याचा मोह अनेकांना होतो. पान कितीही जुनं दिसो, कायद्याच्या हिशेबात ते आजचंच आहे.

याहून अवघड उदाहरण आहे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीच्या त्या प्रसिद्ध जलरंगातल्या चित्राचं. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते ओळखलं जातं आणि म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात लावलेलं आहे. इंटरनेटवर ठिकठिकाणी त्याखाली रविवर्म्याचं नाव दिसतं. ते चित्र आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम हळदणकरांचं. हळदणकर १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ च्या अखेरपर्यंत हक्क आहेत. रविवर्म्याचं समजून ते कथासंग्रहावर लावणारा प्रकाशक एकाच वेळी दोन चुका करतो. श्रेय भलत्याला जातं आणि परवाना कुणाचाच घेतलेला नसतो. म्हणून जुनं चित्र घेताना पहिला प्रश्न ‘किती जुनं’ हा नसावा. कुणाचं, आणि तो चित्रकार केव्हा गेला, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. नाव कळत नसेल तर ते चित्र घेऊ नये.

चित्र मुक्त असलं तरी त्याची उत्तम फाइल कुठून उतरवली, यालाही अर्थ आहे. एखाद्या संग्रहालयाने किंवा चित्रविक्री करणाऱ्या संस्थेने फाइल देताना काही अटी घातल्या असतील तर त्या तुम्ही बटण दाबून मान्य केलेल्या असतात. शिवाय किंडलवरचं पुस्तक अमेरिकेतही विकलं जातं. तिथे १९७७ पर्यंतच्या प्रकाशित कृतींची मुदत साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं अशी मोजतात. आपल्याकडे मुक्त झालेलं चित्र तिथे अजून अडकलेलं असू शकतं. रविवर्म्याच्या हयातीतल्या छापील चित्रांना ही अडचण येत नाही. १९३० नंतर छापलेल्या चित्रांना येऊ शकते.

अक्षरांकडे वळू. फॉन्ट हे सॉफ्टवेअर आहे आणि त्याला स्वतंत्र परवाना असतो. देवनागरीचं नशीब गेल्या काही वर्षांत उजळलं आहे. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता, बालू, मोदक. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद, कलम, पॉपिन्स. मुंबई लोकलच्या स्थानकांवरच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला यात्रा वन. हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. या परवान्याखालच्या फॉन्टने मुखपृष्ठ करा, पुस्तक विका, हव्या तितक्या आवृत्त्या काढा. पैसे नाहीत, श्रेयाची सक्ती नाही, प्रतींची मर्यादा नाही. फक्त फॉन्टची फाइल सुटी विकायची नाही. कॅनव्हातल्या देवनागरी यादीत यांतले बरेच फॉन्ट सापडतात. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी, आणि जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हे मात्र डोळ्यांनी तपासून घ्यावं. त्याची हमी कुठल्याच परवान्यात नसते.

विकतच्या फॉन्टचं गणित वेगळं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी मराठी छपाईच्या धंद्यात वर्षानुवर्षं आहे आणि तिच्या चोरून केलेल्या प्रतीही तितकीच वर्षं फिरत आहेत. कॅनव्हावर स्वतःचा फॉन्ट चढवताना ‘हा वापरायचा हक्क तुमच्याकडे आहे ना?’ असा प्रश्न येतो. त्या बटणावर बोट ठेवणं म्हणजे तशी कबुली देणं. मित्राने पेन ड्राइव्हवर दिलेला फॉन्ट असेल तर ती कबुली खोटी ठरते. अडोबीच्या वर्गणीत मिळणारे फॉन्ट मुखपृष्ठाला चालतात, पण फॉन्टची फाइल छापखान्याला देता येत नाही. त्याची गरजही नसते. छापखानेवाले स्वतःच ‘फॉन्ट कर्व्ह करून द्या’ म्हणतात. अक्षरांच्या आकृत्या झाल्या की फाइलबरोबर फॉन्ट जात नाही आणि अक्षर बदलून येण्याची भीतीही जाते.

हाताने काढलेलं शीर्षक मात्र फॉन्टमध्ये मोडत नाही. ती चित्रासारखीच कलाकृती आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना दिलेली अक्षरं जुन्या जाहिरातीतून कापून, दोन अक्षरं इकडची तिकडे करून आपल्या पुस्तकाला लावणं ही सरळ नक्कल होते. शेडगे २०२० मध्ये गेले. मुदतीचा हिशेब तिथून पुढे करावा.

तयार टेम्पलेटवर मुखपृष्ठ केलं तर परवान्याची अडचण सहसा येत नाही, येते ती वेगळेपणाची. भाड्याने घेतलेल्या मंगल कार्यालयात तुमचं लग्न थाटात लागतं, पण दुसऱ्या दिवशी त्याच मांडवात दुसऱ्याचं लागायचं असतं आणि तुम्हाला तक्रार करता येत नाही. टेम्पलेट आणि स्टॉकची चित्रं सगळ्यांना दिलेली असतात. तेच घर, तीच बाई दुसऱ्या पुस्तकावर दिसली तर तुम्ही कुणावर दावा लावू शकत नाही. चित्र तुमचं नव्हतंच, वापरायची परवानगी तुमची होती. यातून आणखी एक बंधन निघतं. स्टॉकच्या किंवा साधनातल्या चित्रावर ट्रेडमार्क घेता येत नाही, तशी मनाई अटींतच आहे. मलपृष्ठावरचं प्रकाशनाचं बोधचिन्ह, मालिकेची खूण, दिवाळी अंकाच्या नावाची कायमची अक्षरआकृती, यांत कॅनव्हातलं कमळ किंवा पणती घालून ठेवू नये. मुखपृष्ठ एका आवृत्तीत बदलता येतं. बोधचिन्ह वीस वर्षं वापरून मग बदलायला लागलं तर जिवावर येतं.

आता एआय. कॅनव्हातच शब्द लिहून चित्र काढून घेण्याची सोय आहे आणि अशी चित्रं मुखपृष्ठांवर दिसूही लागली आहेत. वापरायला आडकाठी नाही. प्रश्न आहे मालकीचा. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झारिया ऑफ द डॉन’ या चित्रकथेबाबत ठरवलं की मजकूर आणि मांडणीला संरक्षण आहे, मिडजर्नी या एआय साधनाने काढलेल्या चित्रांना नाही. आपल्या कायद्यात संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, अशी व्याख्या आहे. पण ती लिहिली गेली तेव्हा आजची एआय साधनं नव्हती. तेव्हा असं मुखपृष्ठ तुम्ही लावू शकता, पण ते दुसऱ्याने उचललं तर त्याला अडवता येईलच, असं धरून चालू नये. किंडलवर पुस्तक चढवताना ॲमेझॉन सप्टेंबर २०२३ पासून विचारतं, की मजकूर, चित्रं किंवा भाषांतर एआयने तयार केलं आहे का. मुखपृष्ठाचं चित्रही त्यात येतं. ‘दलालांच्या शैलीत’ असं लिहून काढलेल्या चित्राबद्दल म्हणाल, तर शैलीवर कुणाचा हक्क नसतो. पण यंत्राने दलालांचं एखादं ठरावीक चित्रच थोडं हलवून पुढे केलं, तर ती नक्कल असते आणि जबाबदारी छापणाऱ्याची.

मलपृष्ठावरचा लेखिकेचा फोटो सर्वांत निरुपद्रवी वाटतो. स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतला असेल तर कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक पैसे देणारा. मैत्रिणीने प्रेमाने फुकट काढलेला असेल तर मालक मैत्रीण. तिच्याकडून एका ओळीचा मेल घेऊन ठेवावा, आणि तिचं नाव छापावं. तिलाही बरं वाटतं.

हे सगळे परवाने कागदावर जपून ठेवायचे, कारण अटी बदलतात. अनस्प्लॅशने जून २०१७ मध्ये आणि पिक्साबेने जानेवारी २०१९ मध्ये आपला आधीचा, सर्व हक्क सोडून देणारा परवाना बदलून स्वतःचा आणला. चित्र उतरवलं त्या दिवशी कुठल्या अटी होत्या, हे चार वर्षांनी तुम्हालाच दाखवावं लागतं. फोटोचं पान, परवान्याचं पान, विकत घेतलं असेल तर बिल, यांच्या तारीखवार पीडीएफ पुस्तकाच्याच फोल्डरमध्ये असाव्यात. ॲमेझॉनसारखं दुकान हक्कांचा पुरावा मागू शकतं, आणि तोवर पुस्तक थांबवून ठेवू शकतं. एखाद्या वस्तूचा माग लागतच नसेल तर ती काढून टाकावी. कंदील दुसरा काढून घेता येतो. जाणूनबुजून केलेल्या विनापरवानगी वापराला कॉपीराइट कायद्याच्या ६३ व्या कलमाखाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. शिवाय भरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

शेवटचा थर दिसत नाही, तो म्हणजे ज्याने हे सगळं जुळवलं तो माणूस. आपल्याकडे मुखपृष्ठाचं काम फोनवर ठरतं आणि मानधन गूगल पेवर जातं. लेखी काहीच नसतं. कॉपीराइट कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे हक्क दिल्याचं पत्र लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मालकी न देता नुसती वापराची परवानगी दिली, तरी हेच नियम योग्य त्या फेरफाराने लागू होतात. आपल्या कथासंग्रहाचं पाहा. ई-बुक पहिल्याच दिवशी न्यू जर्सीतला वाचक विकत घेऊ शकतो, आणि दुसरी आवृत्ती निघायला सहा वर्षं लागू शकतात. दोन्ही ठिकाणी पत्र अपुरं पडतं. त्याच कलमात असंही आहे की मिळालेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर, वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो आपोआप संपतो. मराठी पुस्तकांच्या वेळापत्रकाची ज्यांना कल्पना आहे, त्यांना या तरतुदीने घाम फुटायला हवा.

पत्र अर्ध्या पानाचं पुरे. मुखपृष्ठ कुठल्या पुस्तकाचं, छापील, ई-बुक, ऑडिओबुक आणि जाहिरात या सगळ्यांसाठी की कुठल्या एकासाठी, किती वर्षं, जगभर की भारतात, मानधन किती, वर्षभरात वापर झाला नाही तरी हक्क राहतील का, आणि आत वापरलेले फोटो, चित्रं, फॉन्ट कुठून आणले त्यांची यादी. मुखपृष्ठकाराचं नाव छापणं ही मेहेरबानी नव्हे. कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क ५७ वं कलम त्याला देतं आणि मालकी विकली तरी तो जात नाही. यादीत स्टॉकचा फोटो डिझायनरच्या खात्यावरून घेतलेला असेल, तर तो प्रकाशकासाठी घेतला आहे असं बिलावर किंवा पत्रात लिहून घ्यावं. हे पत्र मानधन देण्याच्या दिवशीच सहीसकट घ्यावं. फाइल छापखान्यात गेल्यावर त्यासाठी डिझायनरचा फोन लागत नाही, असा अनुभव पुष्कळांना आहे.